हिरवा बाण

रमजान पिंजाऱ्याच्या दुकानात बसायला मऊ जागा होती, एवढ्याच कारणाने ते ॲप तिथे तयार झालं. कॉलेजची कॉम्प्युटरची खोली पाच वाजता बंद व्हायची. मग मिसबाह, हितेंद्र आणि भूमिका जळगावातल्या मेहरूणला, या दुकानात यायची आणि विकायला ठेवलेल्या गाद्यांच्या थप्पीवर पाय वर घेऊन बसायची. मिसबाह ही रमजानची मुलगी. हितेंद्र चोपड्याकडचा, घरी केळी. भूमिका जळगावातलीच, तिचे वडील कचेरीत कारकून. तिघंही दुसऱ्या वर्षाला होती आणि तिघांनीही त्याआधी ॲप म्हणून काही बनवलेलं नव्हतं. मोबाइलवर कुणाचे तरी व्हिडिओ बघायचे, मध्येच थांबवायचे, तसंच करून बघायचं आणि चुकलं की एकमेकांना बोल लावायचे, असं त्यांचं चाललेलं असायचं.

विषय त्यांच्या सरांनी दिला होता, विकसनशील देशांपुढची आर्थिक आव्हानं. शाळेतल्या मुलांना खेळता खेळता समजेल असं काहीतरी करा, असं ते म्हणाले होते. फेब्रुवारीच्या शेवटी धुळ्याच्या एका कॉलेजात त्याची स्पर्धा होती.

खेळ तसा सोपा होता. एक घर असायचं. घरातल्या प्रत्येक माणसापुढे त्याचं काम आणि महिन्याची कमाई लिहिलेली. दर महिन्याला सोडत निघायची आणि एक कार्ड उघडायचं. महागाई वाढली, हातचं काम सुटलं, पूर आला, मुलीची शाळा बंद पडली, असं काहीतरी त्यावर असायचं. महिना संपला की ॲप हिशोब करायचं. घराची कमाई घ्यायची, त्यातून औषधपाण्याचा खर्च वजा करायचा आणि उरेल त्याला घरातल्या डोक्यांनी भागायचं. आकडा वाढला तर हिरवा बाण वर जायचा, घटला तर लाल बाण खाली यायचा. देशाचं उत्पन्नसुद्धा असंच डोक्यांनी भागून बघतात, असं त्यांच्या पुस्तकात होतं.

खेळातलं पहिलं घर मिसबाहने आपल्याच घरावरून घेतलं. तेव्हा ऑक्टोबर होता आणि तिची अम्मी नसीम दुकानाच्या कोपऱ्यात शिलाई मशीनवर बसलेली होती. दीड वर्षापासून तिला लिव्हरचं दुखणं होतं, पाय सुजलेले असायचे, तरी ती गाद्यांच्या खोळी शिवत होती.

"मला काय लिहिलं गं?" तिने विचारलं.

"गृहिणी. कमाई शून्य."

"बरोबर शे," नसीम म्हणाली. "अन् तुझ्या अब्बाची?"

"बारा हजार."

"कमी कर थोडी. लोक मागायला येतील."

सगळे हसले होते. रमजानही हसला होता. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात नसीम गेली.

तिचा चाळिसावा दिवस होईपर्यंत पोरं आली नाहीत. मग एका संध्याकाळी हितेंद्र आणि भूमिका दुकानाच्या पायरीशी येऊन उभी राहिली, आत यावं की नाही अशी. रमजानने थप्पीवरची धूळ झटकली आणि म्हणाला, "बसा की. गाद्या काय माझ्या एकट्यासाठी आहेत का?"

हळूहळू पुन्हा बोलणं सुरू झालं. हितेंद्र गादीवर आडवा व्हायचा आणि म्हणायचा, "चाचा, ही विकू नका. माझ्या लग्नासाठी ठेवा, सासरा काही देणार नाही."

"आधी सासरा तर मिळू दे," भूमिका म्हणायची. "आणि हे काय? पुन्हा केळीचा भाव पडला? वीस कार्डांत तीन केळीची? सगळ्या जगात केळीच पिकते का?"

"आफ्रिकेतही केळी असते. बघ गुगल करून."

"आफ्रिकेतल्या केळीला चोपड्याचा व्यापारी कशाला येईल?"

मिसबाह हसायची, पण आता थोडं उशिरा हसायची, आधी बाकीच्यांकडे बघून.

स्पर्धेत एक अट होती. ॲप वापरून बघितलेला एक माणूस बरोबर आणायचा, तो शिकलेला नसला तर अधिक चांगलं. सातवी झालेला रमजान त्यांना आयताच सापडला. त्यांनी ॲप त्याच्या मोबाइलमध्ये टाकून दिलं आणि रविवारी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसताना तो खेळायला बसला. पहिल्या महिन्यात तेल महागलं. दुसऱ्यात केळीचा भाव पडला, त्याचा गादीवाल्याशी काय संबंध ते त्याला कळलं नाही, पण बाण लाल झाला. तिसऱ्या महिन्याला कार्ड उघडलं, त्यावर लिहिलं होतं, "कुटुंबातील गृहिणीचा मृत्यू."

खाली पर्याय काही नव्हते. नुसतं "पुढे" असं बटण होतं. रमजानने ते दाबलं.

औषधाचा तीन हजारांचा खर्च गेला. तिघांच्या जागी दोन माणसं आली. तीन हजारांचे सहा हजार झाले. हिरवा बाण वर चढला, टाळ्या वाजल्यासारखा आवाज झाला आणि अक्षरं आली, "अभिनंदन. तुमच्या कुटुंबाची परिस्थिती सुधारली."

रमजानने मोबाइल पालथा घातला आणि तो दुकानाबाहेर जाऊन उभा राहिला.

दुसरा कुणी असता तर त्याने पोरांना तिथल्या तिथे बोलावून खडसावलं असतं. रमजानला ते जमेना, कारण ॲपने जे सांगितलं होतं ते त्याने आधी स्वतःच बघितलेलं होतं. घरखर्चाचे पैसे तो एका बिस्किटाच्या डब्यात ठेवायचा. गेलं दीड वर्ष तो डबा वीस-बावीस तारखेलाच रिकामा व्हायचा. चाळिसाव्याचा खर्च नशिराबादच्या भावाने उचलला. आणि जानेवारीच्या एकतीस तारखेला रमजानने डबा उघडला तर आत अडीच हजार रुपये शिल्लक होते. ते हातात घेऊन तो उभा राहिला आणि त्याला बरं वाटलं. छाती मोकळी झाल्यासारखं वाटलं. घटकाभरच वाटलं असेल, पण वाटलं.

तेव्हापासून तो कब्रस्तानात गेला नव्हता. जुम्म्याची नमाज झाली की बाकीचे आपापल्या माणसांच्या कबरीकडे वळायचे, आणि हा मेहरूण तलावाच्या बाजूने लांबचा रस्ता धरून दुकानात यायचा. घरी मिसबाह दर शुक्रवारी विचारायची, "अम्मीकडे जाऊन आलात?" तो म्हणायचा, "हो." नसीमपुढे कोणत्या तोंडाने उभं राहायचं हे त्याला कळत नव्हतं, आणि हे मुलीला सांगायचं तर आधी अडीच हजारांचं सांगावं लागणार होतं.

म्हणून तो कार्डाबद्दल काही बोलला नाही. पोरांनी विचारलं, "चाचा, कसं वाटलं?" तर म्हणाला, "बठ्ठं चांगलं शे. सगळंच."

स्पर्धा गुरुवारी होती. बुधवारी नशिराबादच्या एका लग्नाच्या गाद्या भरायच्या होत्या. रमजानने लोखंडी पेटीत हात घालून खोळ काढली, तोंडाच्या बाजूने पिंजलेला कापूस आत घातला आणि काठीने कोपऱ्यात दाबला, तर कापूस दुसऱ्या बाजूने बाहेर आला. त्याने खोळ उलटी करून बघितली. लांब बाजूची शिवण अर्ध्यापर्यंत आली होती आणि पुढे नव्हतीच. दोरा तसाच लोंबत होता.

त्याने पेटीत पुन्हा हात घातला. पेटी रिकामी होती.

डिसेंबरपासून तो पेटीत हात घालत होता आणि खोळ निघत होती. ती कुठून निघते याचा त्याने विचार केला नव्हता. आता तो ती अर्धी खोळ घेऊन मागच्या गल्लीत सुंदरबाईकडे गेला. सुंदरबाई ब्लाउज, परकर, गाद्यांच्या खोळी, जे येईल ते शिवायची.

"ही पुरी करून द्या. आणि अजून दहा लागतील."

"साठ रुपये पडतील एकेकीचे, भाऊ. लग्नसराई आहे."

"साठ?"

"तुम्हाला विचारायची पाळीच कुठे आली आजवर?" सुंदरबाईने खोळीवरून हात फिरवला. "हिचं कापड मीच कापून दिलं होतं. शेवटी शेवटी तिचा हात थरथरायचा, कात्री धरवायची नाही. माझ्याकडून कापून न्यायची आणि शिवायची मात्र स्वतः. मी म्हटलं, अगं किती शिवशील? तर म्हणाली, थंडी सरेपर्यंत पुरल्या म्हणजे झालं, यांना अडायला नको."



"एकूण किती नेल्या तिने?" रमजानने विचारलं.

"ऐंशीच्या वर असतील. मी मोजलं नाही. तुम्ही दुकानातच असायचे ना, भाऊ?"

तो दुकानातच असायचा. तीन हातांवर. एकदा म्हणाला होता, "पड जरा." ती उठली नाही, आणि त्याने पुन्हा म्हटलं नाही. गिऱ्हाइकं येत होती. शिवत बसली की तिचं दुखण्यावरचं लक्ष उडतं, अशी त्याने स्वतःची समजूत घालून घेतली होती. जानेवारीत चाळीसेक गाद्या गेल्या असतील. सुंदरबाईच्या दराने शिलाई द्यावी लागली असती, तर डबा त्या महिन्यातही रिकामाच झाला असता. औषधांचे पैसे वाचले होते हेही खोटं नव्हतं. पण डब्यात जे उरलं होतं ते नसीमने ऑक्टोबर-नोव्हेंबरात बसून शिवलेलं होतं, आणि ते हातात घेऊन त्याला बरं वाटलं होतं.

गुरुवारी सकाळच्या एसटीने चौघं धुळ्याला निघाली. हितेंद्र आणि भूमिका पुढच्या बाकावर, रमजान आणि मिसबाह त्यांच्या मागे. एरंडोल गेल्यावर मिसबाह म्हणाली, "अब्बा, तिथे विचारलं तर सरळ सांगा. खेळलो, समजलं, सोपं आहे. घाबरू नका."

रमजानने खिडकीची काच ओढून घेतली. मग म्हणाला, "बेटा, मला एक कार्ड आलं होतं."

आणि त्याने सांगितलं. कार्डाचं सांगितलं, बाणाचं सांगितलं, टाळ्यांचं सांगितलं. पुढच्या बाकावरचं बोलणं थांबलं. हितेंद्रने मागे वळून बघितलं, त्याचा चेहरा उतरला होता.

"चाचा, ते आम्ही काढलं होतं," तो म्हणाला. "पुस्तकातल्या यादीवरून मी आधीच टाकलेलं, मग... मिसबाहला दिसू नये म्हणून आम्ही दोघांनी काढून टाकलं."

"कुठून काढलं?" मिसबाहने विचारलं.

"यादीतून."

"आणि सोडत?"

यादीत त्यांनी एकोणीस कार्डं ठेवली होती, पण सोडत अजूनही एक ते वीस आकड्यांतूनच निघत होती. विसावं कार्ड दिसत नव्हतं, इतकंच. आत ते होतंच.

"विसांत एकदा येणार," तो हळूच म्हणाला. "आज येईलच असं नाही."

"तू समोर बघ," भूमिका त्याला म्हणाली.

रमजानला वाटलं होतं, एवढं सांगून थांबावं. पण तोंड उघडलंच होतं. पारोळ्याच्या स्टँडवर गाडी दहा मिनिटं थांबली, पुढची दोघं चहाला उतरली, आणि त्याने मुलीला डब्याचं सांगितलं. अडीच हजारांचं. बरं वाटल्याचं. खोळींचंही सांगितलं.

मिसबाहने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे शुक्रवारी तुम्ही जात नव्हता."

"नाही."

"मी विचारायची तेव्हा हो म्हणायचा."

"हो."

तिने तोंड खिडकीकडे फिरवलं. गाडी सुटली तरी ती तशीच बसली होती. चारपाच मैल गेल्यावर तिने पिशवीतून लॅपटॉप काढला, मांडीवर उघडला आणि बापाकडे न बघता विचारलं, "खोळीचे किती म्हणालात?"

"साठ."

"महिन्याच्या किती?"

"तीस धर."

तिने शून्य खोडून अठराशे लिहिले, घराच्या बारा हजारांतलेच धरून. अम्मी गेल्यावर बारा हजारांतून ते अठराशे जातील, असं तिने ॲपला शिकवलं आणि विसावं कार्ड उघडलं. पाच हजार शंभर. बाण हिरवाच.

"स्वयंपाक," पुढून भूमिका म्हणाली. ती कधीची ऐकत होती. "दोघांचा डबा लावला तर तीन हजार तरी. तेही एकाच वेळचं जेवण."

तीन हजार गेले. तीन हजार सहाशे. हिरवा.

"धुणीभांडी. आमच्याकडे सहाशे घेते बाई," हितेंद्र म्हणाला.

तीन हजार तीनशे. बाण अजून वर.

"अजून काय करायची अम्मी?" मिसबाहने विचारलं. या वेळी तिने बापाकडे बघितलं.

रमजान विचार करू लागला. अठ्ठावीस वर्षं ती बाई त्याच्या घरात सकाळी त्याच्या आधी उठली होती. ती उठल्यापासून तो दुकानात जाईपर्यंत काय काय करते हे त्याने बघितलेलं असणार. त्याला आठवेना. त्याला फक्त आता काय होत नाही ते सांगता येत होतं. माठ रिकामा असतो. कापसातली सरकी नीट निघत नाही, गादीत खडे लागतात म्हणून एका गिऱ्हाइकाने गादी परत आणली. कोणाकडे कधी बारसं, कधी मयत, कुठे जायचं राहिलं, हे सांगायला कुणी नाही.

"याचं काय लिहायचं?" हितेंद्र म्हणाला. "याचा कुठे भाव असतो?"

"पाणी दोनशे लिही," भूमिका म्हणाली. "सरकीचे तीनशे..."

"नको," मिसबाह म्हणाली.

"थोडंच राहिलंय गं. सहाशेच्या वर गेलं की लाल होईल."

"नको. ती मेल्याचं आपल्याला नुकसान झालं, हे दाखवायला तिला अजून किती कामाला लावू?"

मग हितेंद्र म्हणाला, "कार्डच काढून टाकतो. आता सोडतीतूनही काढतो. पाच मिनिटांचं काम आहे."

"काढू नका," रमजान म्हणाला. तिघांनी त्याच्याकडे बघितलं. "घरात आलंय ते. खेळात का नको?"

मिसबाहने कार्ड ठेवलं, यादीतही परत घातलं. फक्त त्या एका महिन्याचा बाण काढला, टाळ्या काढल्या, अभिनंदन काढलं. त्या जागी काही लिहिलं नाही.

धुळ्याला कॉलेजच्या सभागृहात त्यांचा नंबर जेवणाआधी लागला. परीक्षक म्हणून अर्थशास्त्राच्या एक मॅडम होत्या. त्यांनी केळीच्या कार्डांवरून हितेंद्रला दोन प्रश्न विचारले, त्याने चांगली उत्तरं दिली. मग त्यांनी यादी खालपर्यंत सरकवली आणि शेवटच्या कार्डावर बोट ठेवलं.

"हे दाखवा."

मिसबाहने दाखवलं. कार्ड उघडलं, "पुढे" दाबलं, आणि स्क्रीनवर घरातली दोन नावं राहिली. तिसऱ्याची जागा रिकामी. बाण आला नाही.

"इथे अपूर्ण राहिलंय का?" मॅडमनी विचारलं.

"नाही मॅडम. केलं होतं. मग काढलं."

"का?"

"उत्तर हिरवं येत होतं."

मॅडमनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. मग रमजानकडे वळल्या. "तुम्ही खेळलात का हे, चाचा? काय समजलं?"

सरळ सांगा, असं मुलीने शिकवलं होतं. रमजान उभा राहिला आणि म्हणाला, "शून्य लिहिलं होतं, मॅडम. माझ्यासमोरच लिहिलं. मी काही बोललो नाही."

मॅडमनी मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. चार वाजता निकाल लागला. पहिल्या तिघांत त्यांचं नाव नव्हतं. सगळ्यांना गुणांचा कागद मिळाला, त्यावर शेवटच्या ओळीत होतं, "कल्पना चांगली. परिणाम दाखवण्यात ॲप अपूर्ण."

येताना गाडीत हितेंद्र झोपला आणि भूमिका कानात गाणी घालून बसली. ऊन उतरत होतं. मिसबाह म्हणाली, "महिन्याच्या सुरुवातीला मी चप्पल घेतली. तुम्हीच पैसे दिले होते."

"हो."

"त्यातलेच ना?"

रमजानने चपलेकडे बघितलं. तिने पायातली चप्पल बाकाखाली सारली आणि जळगाव येईपर्यंत पाय वर घेऊन बसली, अम्मीच्या वेळी गादीवर बसायची तशी.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. सुंदरबाईने अर्धी खोळ पुरी करून सकाळीच दुकानात आणून टाकली. तिची शिवण जवळून बघितली की कळत होतं, अमुक ठिकाणापर्यंत टाका बारीक आणि तिथून पुढे मोठा. रमजानने ती भरली नाही. घडी करून परत पेटीत ठेवली आणि नशिराबादवाल्यांसाठी सुंदरबाईने तिच्याबरोबर आणलेल्या नव्यांतली एक घेतली.

जुम्म्याची नमाज झाल्यावर तो इतरांच्या मागे कब्रस्तानात गेला. चार आठवड्यांत माती खाली बसली होती आणि कडेने गवत आलं होतं. उशाशी लावलेलं रोप वाळलं होतं, पाणी घालायला कुणी आलंच नव्हतं. त्याने फातिहा पढली. मग हात खाली घेतले. डब्याचं कसं सांगावं याचे शब्द त्याने वाटेत जुळवले होते, ते इथे आल्यावर राहिले नाहीत.

आजूबाजूची माणसं एकेक करून निघून गेली.

"खोळी संपल्या, नसीम," तो म्हणाला.

मग तो नळावरून डबाभर पाणी आणायला गेला. रोप वाळलेलंच होतं, तरी त्याने ते मुळाशी ओतलं.